बैठकीच्या खोलीतली करवत

सोमवार, १३ जानेवारी

आली एकदाची. चार माणसं, एक घोडागाडी, आणि दार अरुंद पडलं म्हणून चौकट उखडावी लागली ती वेगळीच. कालेरोच्या कारखान्यातली पट्टीकरवत आता माझ्या बैठकीच्या खोलीत उभी आहे. माणसाहून उंच — वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवर ताणून बसवलेलं पट्टीसारखं पातं. सोफा अंगणात, आंब्याखाली. कोंबड्या लगेच त्याच्यावर चढून बसल्यासुद्धा.

कालेरोने कारखाना मोडला. छातीत दुखतं म्हणतो, मुलीकडे राहायला चाललाय. एव्हेलिओने तिथे सव्वीस वर्षं झुलत्या खुर्च्या केल्या. निरोप म्हणा, भरपाई म्हणा, मालकाने ही करवत दिली. वर म्हणे, "घे मिस्त्री, आता घरीच थाट आपला कारखाना." आणि माझा नवरा घेऊन आला! हिनेच त्याची दोन बोटं खाल्ली — उजव्या हाताची, करंगळी आणि तिच्या शेजारचं. मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात.

मला वाटलं होतं, नको म्हणेल. नको म्हणाला नाही. मी खुर्च्यांच्या बैठकी विणायचा वेत भिजत घातला आणि स्वयंपाकघरात येऊन बसले.

मंगळवार, १४ जानेवारी

सगळ्या घराला ग्रीसचा वास. सकाळच्या राजमा-भातालासुद्धा.

शुक्रवार, १७ जानेवारी

चार दिवस झाले, खडू घेऊन फिरतोय. कुठलं मशीन कुठे बसणार ते जमिनीवर आखायचं. लाकूड रस्त्याच्या दारातून येणार, म्हणून रंधा तिथे. मग करवत, मग ड्रिल. घासायचं काम मागच्या दाराशी, म्हणजे भुसा वाऱ्याबरोबर अंगणात जाईल. जाईल कुठला, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसेल! पण आखणी झकास केलीय, खोटं कशाला बोलू. कालेरोच्या कारखान्यात एवढी शिस्त नव्हती.

अडलंय ते एकाच ठिकाणी. करवतीपाशी उभं राहायचं ते दाराकडे तोंड करून की पाठ करून? चार वेळा आखलं, चार वेळा पायाने पुसलं. मी आपली इकडून बोलून गेले की काम करणाऱ्याला कोण येतंय ते दिसलेलं बरं. त्याने पुन्हा आखलं. पाचव्यांदा पुसलं.

जिभेला हाड नाही माझ्या. संध्याकाळी म्हणाला, "या खोलीत येत जाऊ नकोस, पसारा आहे." बरं म्हटलं. आता अंगणातून वळसा घालून रस्त्यावर जाते.

रविवार, १९ जानेवारी

चर्चमधून आले. फादरपुढे गुडघे टेकून एकूण एक सांगितलं — भांडण, चहाड्या, सगळं. ते एक सोडून. ते इथे लिहिते. लेकीची, याओस्काची ही शाळेची वही, ती मानाग्वाला नोकरीला गेली तशी कोरीच पडली होती. कुणी उघडायचं नाही.

त्या दिवशी मी कारखान्याच्या दारात उभी होते. हातात त्याचा डबा, डोक्यावर विणलेल्या सहा बैठकींचा भारा. तो करवतीवर होता. बाकीचे जेवायला गेलेले. आमच्या मासातेपेत रांगत्या पोरालाही कळतं, की मशीन चालू असेल तर दारात थांबायचं. गप्प. माणूस काप संपवतो, मशीन बंद करतो, वर बघतो, मग काय ते बोलायचं. माझा बाप सुतार, नवरा सुतार. मी काय आज जन्मले होते? पण बैठकी पोचवायच्या होत्या आणि हिनोतेपेची बस सुटत होती. एक बस! पुढची तासाभराने होतीच. मी हाक मारली. जोरात मारली. त्याने मान वळवली.

पुढचं लिहीत नाही.

तो सगळ्यांना सांगतो की लाकडात गाठ होती, पातं उसळलं. डॉक्टरला तेच, कालेरोला तेच. मलासुद्धा तेच. मलासुद्धा! म्हणजे त्याने ऐकलं नसेल. त्या आवाजात ऐकू येतं कुठे? मान अशीच वळली असेल. चौदा महिने हेच घोकतेय. ऐकलं की नाही, एवढंच कळायला हवंय मला. आणि विचारायची छाती होत नाही, कारण ऐकलं असेल तर काय करू?

शनिवार, २५ जानेवारी

मासायाला गेलो, हत्यारं घ्यायला. म्हणाला चल, म्हणून गेले. दुकानदार तोंडाळ. हे मशीन जर्मन, ते जपानी, याची ताकद एवढी, त्याचे फेरे तेवढे. एव्हेलिओने काही ऐकलं नाही. एकेक ड्रिल खोक्यातून काढायला लावायचा, उजव्या हातात धरायचा, हात लांब करायचा, तसाच उभा राहायचा. अंगठा आणि दोन बोटं. मनगट थरथरलं की खाली ठेवायचा. सात ड्रिल असे खाली ठेवले. आठवा घेतला — सगळ्यात साधा, पण मूठ बारीक, तीन बोटांत मावणारी. घासायचं मशीन घेतलं ते वरून तळव्याने दाबायचं, बोटांचं कामच नाही. मी बघत उभी होते. डोळे भरून आले म्हणून रंगांच्या डब्यांकडे गेले.

मग जिगसॉ मागितलं. हातात धरायचं, सुईसारख्या पात्याचं. मी म्हटलं, हे कशाला, घरात एवढी मोठी बसलीय ना. "लहानसहान कामाला," म्हणाला. दुकानदार हसला, म्हणाला की मिस्त्री, खुर्चीच्या पायांखालच्या झुलायच्या कमानी मात्र याने कापू नका, जाड लाकडात याचं पातं वाकतं. तर माझा नवरा, जो सव्वीस वर्षांत कुणाला उलटून बोलला नाही, तो म्हणाला, "लाकूड मला शिकवू नकोस."

दुकानदाराने जिगसॉ बांधून दिलं. बाजारात केळीच्या पानावर युका आणि कुरकुरीत डुकराची साल खाल्ली. तो डाव्या हाताने खातो आता. सवय झाली म्हणतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

माझं कपडे धुण्याचं मशीन गेलं! मोटर काढून त्याने लेथ केला, खुर्चीचे पाय गोल करायला. चालतो मात्र सुरेख. अस्सल सीडरच्या सालपटांचा ढीग पडला दिवसभरात, वासाने घर भरलं. गुणगुणत होता. किती महिन्यांनी!

आता कपडे हाताने. माझ्या हाताला दहा बोटं आहेत, मग तक्रार कसली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी सात वाजले की आमच्या रस्त्याला कंठ फुटतो. प्रत्येक घरात काहीतरी घरघरतंय. आमच्याकडेही ड्रिल ऐकू येतो, लेथ ऐकू येतो, घासायचं मशीन तर डोकं उठवतं. ती एक सोडून. तिचा आवाज मी कुठेही ओळखीन. एकदाही ऐकला नाही.

कारणं तयार असतात. आधी म्हणे वायर बारीक. वायरमन आला, जाड वायर टाकून गेला. मग पट्टा जुना. नवा पट्टा आणला. मग चाकावरचं रबर. मग बटण हाताचं नको, पायाचं हवं, दोन्ही हात लाकडावर राहिले पाहिजेत. हे मला पटलं, तेही बसवलं. नवं पातं आणलं. आज म्हटलं, आता? तर म्हणे खालचं सिमेंट अजून बसायचंय. सिमेंट म्हणे बसायचंय! सव्वा महिना झाला.

शेजारची थोरली बाई, दोन्या प्रॉस्पेरा, भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय गं नूबिया, सवत नुसती बसून खाते वाटतं." हसले. काय करणार?

घाबरलाय तो. मला माहीत आहे, त्याला माहीत आहे, आणि आम्ही दोघं पट्ट्याबद्दल बोलतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

थकले. वेताने बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात, लिंबू लागलं तरी जीव जातो. आज लिहीत नाही.

शनिवार, १ मार्च

आमच्या कारखान्याची पहिली खुर्ची! दोन्या प्रॉस्पेराचीच. बैठक आणि पाठ मी विणली, बारीक जाळीची, माझ्या आईच्या पद्धतीची. कमानी त्याने जिगसॉनेच कापल्या. दोन दिवस लागले. आधी एक फळी, दुसऱ्या दिवशी दुसरी. मग कानस, मग पॉलिश पेपर, हात दुखेपर्यंत घासत होता. बघितलं की वाटावं, काय कमी आहे या माणसात?

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? झुलत्या खुर्चीच्या दोन कमानी जुळ्या लागतात. एकाच फळीच्या दोन तुकड्यांना एकावर एक ठोकायचं आणि पट्टीकरवतीवर एका दमात कापायचं, हे मलासुद्धा माहीत आहे. पण गुणगुणत होता ना.

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार. सगळ्यांच्या कपाळावर राख, आणि आमच्या तोंडाला काळं.

संध्याकाळी सगळे खुर्च्या काढून फुटपाथवर बसतात तसे बसले. दोन्या प्रॉस्पेरा नव्या खुर्चीत, स्वतःच्या दारात. झुलतेय, बोलतेय, बोलायला लागली की तिला भान नसतं. आणि खुर्ची चालतेय! एका झोक्याला बोटभर डावीकडे, दुसऱ्या झोक्याला बोटभर डावीकडे. अर्ध्या तासात ती औषधांच्या दुकानासमोर. कुणी सांगितलं नाही तिला, सगळे तोंडावर हात धरून बसलेले. शेवटी तिनेच आजूबाजूला बघितलं आणि ओरडली, "मिस्त्री, तुमची खुर्ची मला माहेरी नेऊन सोडतेय की काय?" तिचं माहेर खरंच त्या टोकाला आहे. मग काय, रस्ता नुसता लोळला हसून. वाईट मनाने नाही हसले. पण हसले.

चालणारी खुर्ची! आमच्या गावात सुताराला याहून मोठी शिवी नाही. शिकाऊ पोरांच्या खुर्च्या चालतात.

एव्हेलिओ आमच्या दारात उभा होता. शांतपणे गेला, दोन्याला हात देऊन उठवलं, माफी मागितली, खुर्ची खांद्यावर घेऊन आला. टेबलावर उलटी ठेवली, गुण्या लावला. दोन कमानींत नखभर फरक होता. कमानी काढून त्याने चुलीपाशी ठेवल्या, सरपणात. मी भाकरी वाढली. जेवला नाही.

गुरुवार, ६ मार्च

बोलत नाही.

सोमवार, १० मार्च

मला राहवलं नाही. म्हटलं, विकून टाक ती, नाहीतर भंगारात दे, माझी बैठकीची खोली मला परत दे. तो आंब्याखाली सोफ्यावर बसला होता, मांडीवर कोंबडी. कोंबडी खाली सोडली. मग म्हणाला, "तिचा काय दोष?"

तिचा काय दोष. मग कुणाचा? मी विचारलं नाही. आत येऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. तो गाठीचा दोष म्हणत असेल. गाठीचाच म्हणत असेल ना?

शुक्रवार, २८ मार्च

आज जे बघितलं ते नको होतं बघायला. मी विणलेल्या बैठकी द्यायला खालच्या आळीत गेले होते. एका कारखान्याच्या बाहेर एव्हेलिओ उभा. खांद्यावर सीडरची फळी. आतला सुतार — याच्याहून वीस वर्षांनी लहान — कमानी कापत होता, आणि हा दाराबाहेर वाट बघत उभा होता, टोपी हातात घेऊन. कापून झाल्या, त्याने घेतल्या, आभार मानले. मला बघितलं नाही. मी भिंतीआड सरकले.

सव्वीस वर्षं ज्याने गावाला कमानी कापून दिल्या, तो दुसऱ्याकडून कापून आणतोय. दोन्या प्रॉस्पेराची खुर्ची अशी पुरी होणार. आता चालणार नाही, छान झुलेल. कुणाला कळणार नाही. मला कळलं.

घरी आल्यावर ठरवलं की आज सांगायचं. मी बादलीत वेत भिजवत होते, तो पाणी प्यायला आला. म्हटलं, "एव्हेलिओ, त्या दिवशी मी..."

"पाणी सांडतंय," म्हणाला. खरंच सांडत होतं, बादली भरून वाहत होती. त्याने नळ बंद केला, माझ्या डोक्यावर हात ठेवला क्षणभर, आणि गेला. तो डोक्यावरचा हात कशासाठी होता? दिवसभर तोच विचार. मला नाही आता सोसवत.

बुधवार, ९ एप्रिल

याओस्काचा फोन. पप्पांचा कारखाना कसा चाललाय? मस्त, म्हटलं. खोटं बोलायचीही सवय होते माणसाला.

मंगळवार, १५ एप्रिल

पवित्र आठवडा. गावातली सगळी मशीनं बंद. गुरुवार-शुक्रवार तर कुणी खिळासुद्धा ठोकणार नाही. इतकी शांतता की शेजारच्या घरातला चमचा पडलेला ऐकू येतो.

आम्ही आंबा आणि पपई गुळाच्या पाकात शिजवायला घातली. तो ढवळायला बसला. या आठवड्यात त्याला कुणी विचारणार नाही की करवत का बंद, सगळ्यांच्याच बंद आहेत. चेहरा सैल झालाय त्याचा. बापाच्या गमती सांगत होता, मी हसले, पाक बुडाला लागला. कितीतरी महिन्यांनी आम्ही असे बसलो. मला वाटलं, राहू दे. कशाला ती करवत, कशाला कमानी. मी विणीन, तो पाय गोल करील, भागेल दोघांचं.

पण नाही भागणार. तो खोलीकडे बघत होता. ढवळतोय इकडे, बघतोय तिकडे.

ईस्टर झाला की बोलणार. ठरलं. ऐकलं असो की नसो, मी सांगणार की माझ्यामुळे झालं. मग त्याने मला घराबाहेर काढलं तरी चालेल.

सोमवार, २१ एप्रिल

सकाळी सातला सगळा रस्ता पुन्हा घरघरायला लागला. मी तीनदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तीनदा मीठ आहे का, कॉफी हवी का, असलं काहीतरी विचारून परत आले.

भित्री मी आहे. तो नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

दुपारी आतून म्हणाला, "नूबिया, जरा ये इकडे." तीन महिन्यांत पहिल्यांदा. दोन फळ्या एकावर एक ठोकून करवतीवर ठेवलेल्या, पेन्सिलने कमान आखलेली. मला म्हणाला, "दारात उभी राहा. त्या दिवशी होतीस तशी. नाही, थोडी डावीकडे."

म्हणजे बघितलं होतं. सतरा महिने गाठ, गाठ म्हणत राहिला.

मी रडायला लागले. तो थांबला, माझं होईपर्यंत. मग म्हणाला, "मी चालू केली की तेव्हासारखीच हाक मार. जोरात."

पायाने बटण दाबलं. दोन्ही हात लाकडावर. मी हाक मारली. त्याने मान वळवली नाही. पुन्हा मारली. काप शेवटपर्यंत गेला, चाकं हळूहळू थांबली, मग त्याने वर बघितलं.

"हं," म्हणाला, "बोल आता."